स्लॅकचं 'ऑप्ट-आउट' प्रकरण: कंपनीच्या मेसेजवर मॉडेल शिकवायचं की नाही, हे ठरवायचं कोणी?

मे २०२४च्या मध्यावर स्लॅक हे कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या मेसेजचं ॲप वापरणाऱ्या कंपन्यांमध्ये अचानक धावपळ सुरू झाली. निमित्त झालं स्लॅकच्याच वेबसाइटवरच्या एका पानाचं. सर्च, मशीन लर्निंग आणि एआय यांच्यासाठी कंपनी गोपनीयतेची कोणती तत्त्वं पाळते, हे त्या पानावर मांडलं होतं. त्यातलं एक वाक्य लोकांच्या डोळ्यांत खुपलं. एआय आणि मशीन लर्निंगची मॉडेल (डेटातून शिकून अंदाज बांधणारे प्रोग्रॅम) तयार करण्यासाठी आमच्या यंत्रणा ग्राहकांच्या डेटाचं विश्लेषण करतात, असं ते वाक्य होतं आणि उदाहरणादाखल पुढे लिहिलं होतं: मेसेज, मजकूर आणि फाइल्स. ज्यांना हे नको असेल त्यांनी मेल करून कळवावं, म्हणजेच 'ऑप्ट-आउट' करावं, असंही खाली नमूद होतं.

क्लाउडच्या खर्चाबाबत सल्ला देणाऱ्या डकबिल ग्रुपचे कोरी क्विन यांनी 'एक्स'वर अगदी रोखठोक भाषेत स्लॅकला जाब विचारला: लोकांच्या खासगी मेसेजचं आणि फाइल्सचं तुम्ही हे काय चालवलं आहे? त्यानंतर दिवसभरात त्या पानाची लिंक जिकडे तिकडे फिरली. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट म्हणजे ही भाषा त्या आठवड्यात लिहिलेली नव्हती. ती कित्येक महिने तिथेच होती. पैसे भरणाऱ्या हजारो कंपन्या, त्यांचे कायदा विभाग, त्यांचे सुरक्षा अधिकारी, कोणाच्याच नजरेला ती पडली नव्हती.

या प्रकरणात डेटा फुटला नाही, कोणाची गुपितं बाहेर आली नाहीत. तरीही विक्रेत्यांचे करार तपासण्याचं काम करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी या विषयात याहून चांगलं प्रकरण नाही, कारण यात खलनायक सापडत नाही. स्लॅक तांत्रिकदृष्ट्या जे करत होतं ते बऱ्यापैकी सौम्य होतं, आणि तरीही ग्राहकांचा राग शंभर टक्के रास्त होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते नीट उलगडून पाहायला हवं.

स्लॅकमध्ये असतं तरी काय

सेल्सफोर्सनं २०२१मध्ये २७.७ अब्ज डॉलरला स्लॅक विकत घेतलं. एवढी किंमत कशाला, तर तिथे कंपन्यांचं रोजचं बोलणं चालतं म्हणून. हिंजवडी-खराडीतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीचं सपोर्ट चॅनल (एका विषयावरच्या मेसेजचा गट) उघडा. रात्री प्रॉडक्शन (ग्राहकांसाठी चालू असलेली यंत्रणा) बंद पडलेलं असतं, ऑन-कॉल असलेला इंजिनिअर घाईघाईत एरर लॉग चिकटवतो. त्या लॉगमध्ये युरोपातल्या कुणा ग्राहकाचा ई-मेल असतो, ऑर्डर क्रमांक असतो, नशीब वाईट असेल तर चालू ॲक्सेस टोकनही (यंत्रणेत शिरण्याची डिजिटल किल्ली) असतं. बाजूच्या डीएममध्ये (खासगी मेसेजमध्ये) मॅनेजर एचआरला विचारत असतो की या महिन्यात राजीनामा देणाऱ्याचा बोनस थांबवायचा का. तिसऱ्या चॅनलवर निविदेचा भाव ठरतो.

यातली कुठलीच गोष्ट कोणी प्रसिद्धीसाठी लिहिलेली नसते. शिवाय त्यातला बराचसा मजकूर त्या पुणेकर कंपनीच्या मालकीचाही नसतो, तो तिच्या ग्राहकाचा आणि ग्राहकाच्या ग्राहकाचा असतो. 'तुमचा डेटा' असं विक्रेता म्हणतो तेव्हा त्यात किती जणांचा डेटा मिसळलेला असतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

पानावरच्या तीन हमी

स्लॅकनं त्या पानावर तीन आश्वासनं दिली होती. एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्याकडे झिरपणार नाही, सगळ्यांसाठी वापरली जाणारी मॉडेल ग्राहकाचा मजकूर शिकतील, लक्षात ठेवतील किंवा पुन्हा ओकतील अशा रीतीनं घडवली जात नाहीत, हे पहिलं. मॉडेल घडवताना स्लॅकला मूळ मजकूर पाहता येत नाही, तसा तांत्रिक बंदोबस्त आहे, हे दुसरं. आणि नको असेल तर बाहेर पडता येतं, हे तिसरं.

आता दुसरी हमी त्या खुपलेल्या वाक्याशेजारी ठेवून पाहा. एकीकडे यंत्रणा मेसेज आणि फाइल्सचं विश्लेषण करतात. दुसरीकडे स्लॅकला मजकूर पाहता येत नाही. माणूस पाहत नाही, यंत्र पाहतं, असा अर्थ लावला तर दोन्ही जुळतात. पण तो अर्थ वाचणाऱ्यानं मनानं लावायचा होता, पानावर तो नव्हता. करार वाचताना नेमकी अशीच जागा शोधायची असते, जिथे आपण स्वतःच्या समजुतीनं भोक बुजवतो आहोत.

प्रत्यक्षात ही मॉडेल काय करत होती, ते त्याच पानावर खाली उदाहरणांनी सांगितलेलं होतं आणि ते रागाच्या भरात फारसं कोणी वाचलं नाही. चॅनल सुचवण्याचं काम घ्या. स्लॅकच्या मेसेजवर न शिकवलेलं बाहेरचं मॉडेल विषय किती जवळचे आहेत याचा आकडा काढतं, आणि स्लॅकचं मॉडेल तो आकडा व इतर वापराची माहिती पाहून शिफारस करतं. सर्चमध्ये निकालांचा क्रम लावताना आधीच्या शोधांमध्ये लोकांनी कशावर क्लिक केलं ते पाहिलं जातं. टाइप करताना पुढचे शब्द सुचवणारं ऑटोकम्प्लीट तर फारच बोलकं आहे. सुचवले जाणारे शब्द त्याच वर्कस्पेसमधल्या (त्या कंपनीच्या स्लॅकवरच्या जागेतल्या) सार्वजनिक मेसेजमधून येतात. मात्र कोणती सूचना वर ठेवायची हे ठरवणारा अल्गोरिदम सगळ्या ग्राहकांकडे कोणत्या सूचना दिल्या गेल्या आणि कोणत्या स्वीकारल्या गेल्या, यावर शिकतो. अभिनंदनाच्या मेसेजखाली टाळ्यांचा इमोजी सुचवणं हाही त्यातलाच प्रकार.

म्हणजे लोकांच्या मनात जे चित्र उभं राहिलं, की आपला डीएम एखाद्या चॅटबॉटच्या पोटात गेला आणि उद्या तो स्पर्धकाला सांगेल, तसं काही घडत नव्हतं. ही पंधरा-वीस वर्षं जुनी शिफारस-पद्धत आहे. मेसेज लिहून देणाऱ्या भाषा-मॉडेलशी तिची गल्लत करू नये.

पण गल्लत करायला लावली कोणी? स्लॅकनं फेब्रुवारी २०२४मध्ये 'स्लॅक एआय' हे वेगळे पैसे घेऊन मिळणारं उत्पादन आणलं होतं. चॅनलचा सारांश, लांबलेल्या धाग्याचा गोषवारा, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अशा त्याच्या सोयी. त्याच्या जाहिरातीत स्पष्ट सांगितलं होतं की तुमचा डेटा तुमचाच, आम्ही त्यावर स्लॅक एआय शिकवत नाही. ते खरंही होतं. त्यातली भाषा-मॉडेल स्लॅकच्या स्वतःच्या ॲमेझॉन क्लाउडमध्ये चालत होती, प्रश्न विचारणाऱ्याला दिसू शकणारे मेसेज तेवढ्यापुरते मॉडेलपुढे ठेवले जात होते आणि मॉडेलमध्ये काही साठत नव्हतं. एका पानावर 'शिकवत नाही' आणि दुसऱ्या पानावर 'मॉडेलसाठी मेसेजचं विश्लेषण करतो'. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत, हे कळायला वाचणारा मशीन लर्निंगचा इंजिनिअर असायला हवा होता. स्लॅकच्याच एका इंजिनिअरनं नंतर जाहीरपणे मान्य केलं की मूळ पान स्लॅक एआयच्या आधीपासून चाललेल्या सर्च आणि शिफारशींच्या कामासाठी लिहिलेलं आहे आणि ते सुधारायला हवं.

मेल पाठवा आणि उत्तराची वाट पाहा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मॉडेल कितीही साधं असो, ग्राहकाच्या डेटातून ते शिकत होतं आणि त्याचा फायदा सगळ्या ग्राहकांना, पर्यायानं स्लॅकला होत होता. मग होकार कोणाचा घेतला? कोणाचाच नाही. होकार गृहीत धरला होता आणि नकार देण्याची जबाबदारी ग्राहकावर होती.

ती जबाबदारी पार पाडायची कशी, तर संस्थेच्या किंवा वर्कस्पेसच्या ओनरनं, अथवा प्रायमरी ओनरनं, स्लॅकच्या फीडबॅकच्या पत्त्यावर मेल पाठवायची. विषयाच्या जागी 'स्लॅक ग्लोबल मॉडेल ऑप्ट-आउट रिक्वेस्ट' असं ठरलेलं वाक्य. मेलमध्ये वर्कस्पेसचा पत्ता. मग स्लॅक विनंतीवर काम करणार आणि झाल्यावर कळवणार.

ज्यानं स्लॅकचं ॲडमिन पॅनल वापरलं आहे त्याला यातली विसंगती लगेच जाणवेल. नवा इमोजी कोणी अपलोड करायचा, यासाठीसुद्धा तिथे सेटिंग आहे. मेसेज किती काळ ठेवायचे, कोणाला पाहुणा म्हणून बोलवायचं, कोणतं ॲप जोडू द्यायचं, सगळ्याला बटण आहे. कंपनीचे मेसेज मॉडेल शिकवायला द्यायचे की नाही, एवढ्या एकाच प्रश्नाला बटण नव्हतं. ज्या गोष्टीत ग्राहकानं निर्णय घ्यावा असं विक्रेत्याला वाटतं, तिथे तो बटण देतो.

आणि व्यवहारात ओनर म्हणजे कोण? छोट्या कंपन्यांमध्ये वर्कस्पेस ज्यानं पहिल्यांदा उघडला तो कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, त्याचं खातं कोणी तरी नावापुरतं सांभाळत असतं. मोठ्या कंपन्यांत ओनर आयटीत बसतो, करार प्रोक्युअरमेंटनं (खरेदी विभागानं) केलेला असतो, आणि गोपनीयतेची जबाबदारी तिसऱ्याच विभागाकडे असते. मेल कोणी पाठवायची यावरच पहिला आठवडा जातो. ज्या कर्मचाऱ्यानं तो डीएम लिहिला त्याला तर या सगळ्यात आवाजच नाही; त्यानं कितीही म्हटलं तरी त्याच्या मेलला किंमत नव्हती. दोन कंपन्यांचं सामाईक चॅनल असेल तर गुंता आणखी वाढतो. मेलमध्ये पत्ता द्यायचा आपल्या वर्कस्पेसचा. समोरच्या कंपनीनं मेल पाठवलीच नसेल तर तिच्या बाजूनं काय होतं, हे आपल्याला कोण सांगणार?

'सेवा सुधारण्यासाठी' हे जुनं कलम

हे असं का झालं असावं, याचं माझं उत्तर असं. इंटरनेटवरून सॉफ्टवेअर विकणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या करारात वर्षानुवर्षं एक कलम असतं: सेवा सुधारण्यासाठी आम्ही वापराची माहिती वापरू. ते वाचून कोणी दचकत नसे, कारण सुधारणा म्हणजे सर्च थोडा बरा होणं, स्पॅम थोडा कमी होणं. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्याच कलमाचा अर्थ वाचणाऱ्यांच्या मनात बदलला. कलम मात्र तेच राहिलं.

सॅमसंगच्या इंजिनिअरांनी चॅटजीपीटीत अंतर्गत कोड टाकल्याची बातमी २०२३च्या वसंतात आली आणि मे महिन्यात सॅमसंगनं अशा साधनांवर बंदी घातली. त्याआधीच, १ मार्च २०२३पासून, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायच्या जोडणीतून) येणारा डेटा ग्राहकानं स्वतःहून दिला नाही तर प्रशिक्षणासाठी वापरायचा नाही असं धोरण केलं होतं. मायक्रोसॉफ्टनं आणि गूगलनं आपल्या ऑफिस-साधनांमधल्या एआयसाठी कंपन्यांना तसंच वचन दिलं. म्हणजे भाषा-मॉडेलच्या बाबतीत कंपन्यांसाठीचा मूळ नियम 'नाही' असा पालटला होता. वैयक्तिक वापराच्या फुकट खात्यांना मात्र बहुतेक ठिकाणी 'हो'मध्येच ठेवलं गेलं. स्लॅकच्या जुन्या शिफारस-मॉडेलपर्यंत हा बदल पोचलाच नाही.

झूमचं प्रकरण याच्या नऊ महिने आधीचं आणि थोडं वेगळं. झूमनं मार्च २०२३मध्ये अटी बदलल्या, त्यात ग्राहकाच्या मजकुराचा मशीन लर्निंगसाठी वापर करण्याचा प्रचंड व्यापक परवाना स्वतःकडे घेतला, आणि ऑगस्टमध्ये ते कोणाच्या तरी लक्षात आल्यावर गदारोळ झाला. आधी 'तुमच्या संमतीशिवाय नाही' अशी ओळ जोडली, ती पुरली नाही, तेव्हा ११ ऑगस्टला ऑडिओ, व्हिडिओ, चॅट यांवर स्वतःचं वा दुसऱ्याचं एआय मॉडेल शिकवणार नाही असं सरळ लिहून दिलं. अटी तपासण्याची अंतर्गत पद्धत कोलमडली, असं प्रमुख एरिक युआन यांनी कबूल केलं. झूमची माघार पूर्ण होती. स्लॅकची तशी नव्हती.

स्लॅकनं काय बदललं, काय नाही

१७ मे २०२४ रोजी पान सुधारलं गेलं. ग्राहकांच्या डेटावर भाषा-मॉडेल किंवा इतर जनरेटिव्ह (नवा मजकूर वा चित्रं तयार करणारी) मॉडेल घडवत नाही, असं आता ठळकपणे आलं. जुनी मॉडेल ओळख पुसलेला, एकत्रित डेटा वापरतात आणि डीएम, खासगी किंवा सार्वजनिक चॅनलमधल्या मेसेजचा मजकूर वाचत नाहीत, असंही कंपनीनं सांगितलं. खुपलेलं वाक्य गेलं.

मूळ नियम मात्र तसाच राहिला: आत आहात, बाहेर पडायचं तर कळवा. मेलची पद्धतही राहिली. भाषा सुधारली, पण निर्णय कोणाच्या हातात हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. मला यातच स्लॅकची खरी चूक दिसते. जर मॉडेल खरोखर मजकुराला हात लावत नसतील, फक्त क्लिकांचे आकडे मोजत असतील, तर 'हो' म्हणणाऱ्यांना गोळा करायला काय अवघड होतं? बहुसंख्य ग्राहकांनी आनंदानं होकार दिला असता.

दुसरा अनुत्तरित प्रश्न मागच्या डेटाचा. मेल पाठवली, स्लॅकनं हो म्हटलं, इथून पुढे आपला डेटा वगळला. आधी जे शिकून झालं त्याचं काय? मॉडेलमधून एका ग्राहकाचा वाटा उपसून काढणं सोपं नसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२१मध्ये एव्हरअल्बम या फोटो-ॲपच्या प्रकरणात फोटोंबरोबर त्यांच्यावर घडवलेली मॉडेलही नष्ट करायला लावली होती, पण ते फसवणुकीच्या आरोपानंतरच्या समझोत्यात. साध्या कराराच्या ग्राहकाला तसं मागता येत नाही, जोवर त्यानं ते आधी लिहून घेतलेलं नाही. याच कमिशननं जानेवारी २०२४मध्ये एआय पुरवणाऱ्या कंपन्यांना बजावलं होतं की ग्राहकांना दिलेलं गोपनीयतेचं वचन मोडलं तर कारवाई होऊ शकते. म्हणजे अमेरिकेत बळ येतं ते दिलेल्या वचनाला. वचनच मोघम असेल तर ग्राहकाच्या हाती फारसं काही उरत नाही.

पुण्यातल्या कंपनीच्या बाजूनं

युरोपीय ग्राहकांचं काम करणाऱ्या आपल्या कंपन्यांना हा प्रश्न जास्त टोचतो. जीडीपीआर या युरोपच्या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम २८नुसार प्रोसेसरनं (दुसऱ्यासाठी डेटा हाताळणाऱ्यानं) ग्राहकाच्या लेखी सूचनेप्रमाणेच डेटा हाताळायचा असतो. जर्मनीतली कंपनी डेटाची मालक, पुण्यातली कंपनी प्रोसेसर, आणि स्लॅक तिच्याखालचा सब-प्रोसेसर. आता तो एरर लॉग आठवा. त्यातला वैयक्तिक डेटा वापरून सब-प्रोसेसरनं स्वतःचं मॉडेल सुधारलं, तर ते कोणाच्या सूचनेवरून? याच कलमात पुढे म्हटलं आहे की प्रोसेसर स्वतःच उद्देश ठरवू लागला तर त्या प्रक्रियेपुरता तो मालकासारखा जबाबदार ठरतो. जर्मन ग्राहकाचा ऑडिटर आला की तो स्लॅकला विचारत नाही, पुण्याला विचारतो.

आपल्याकडचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. त्याच्या कलम ८नुसार प्रोसेसरनं केलेल्या प्रक्रियेचीही जबाबदारी मूळ कंपनीवर आहे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. आणि प्रोसेसरवर थेट बंधनं जवळपास नाहीत. विक्रेत्याच्या चुकीचं ओझं आपल्या खांद्यावर येणार हे कायद्यानंच ठरवलं आहे, तर मग बंधनं करारातच घालून घ्यायला हवीत.

वेबसाइटवरच्या पानावर विसंबू नये, कारण ते पान विक्रेता एका दिवसात बदलू शकतो, हे या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. डेटा-प्रोसेसिंगच्या करारातच हवं: आमच्या स्पष्ट लेखी होकाराशिवाय कुठल्याही मॉडेलचं प्रशिक्षण नाही, ते जनरेटिव्ह असो वा नसो. 'जनरेटिव्ह असो वा नसो' हे शब्द गाळले की स्लॅकसारखी परिस्थिती पुन्हा उभी राहते. 'ओळख पुसलेला' आणि 'एकत्रित' म्हणजे काय, त्याची व्याख्या तिथेच मागावी. प्रशिक्षण नाही म्हणजे साठवण नाही, असंही समजू नये. न्यूयॉर्क टाइम्सनं ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात मे २०२५मध्ये अमेरिकन न्यायालयानं ओपनएआयला चॅटचे लॉग जपून ठेवायला लावले, तेव्हा एंटरप्राइझ खाती आणि शून्य-साठवणीचा करार केलेले एपीआय ग्राहक त्यातून वगळले गेले. साधा एपीआय वापरणारे सापडले. गळती व्हायला प्रशिक्षणही लागत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये प्रॉम्प्टआर्मर या सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की सार्वजनिक चॅनलमध्ये पेरलेल्या सूचनेनं स्लॅक एआयला फसवून खासगी चॅनलमधली माहिती बाहेर काढता येते.

मग मे २०२५ अखेर स्लॅकनं एपीआयच्या अटी बदलल्या. बाहेरच्या ॲपना स्लॅकमधला डेटा मोठ्या प्रमाणावर उचलून स्वतःकडे साठवायला आणि त्यावर भाषा-मॉडेल शिकवायला मनाई झाली. ग्लीनसारख्या कंपनीभरच्या माहितीत शोध घेणाऱ्या साधनांना त्याचा थेट फटका बसला. सुरक्षेच्या नजरेनं हा निर्णय समर्थनीय आहे. पण ज्या ग्राहकानं स्वतःच्या मेसेजवर आपल्या पसंतीचं शोध-साधन चालवायला पैसे मोजले होते, त्याला कोणी विचारलं नाही. आत कोण शिकणार आणि बाहेर कोण नेणार, दोन्ही दरवाजांची किल्ली एकाच विक्रेत्याकडे राहिली. त्यामुळे आता रिन्यूअलला बसताना प्रशिक्षणाचं कलम आणि डेटा बाहेर काढण्याचं कलम ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात, आणि दोन्हींवर एकाच वेळी घासाघीस करावी लागते.